दारातलं गूळपाणी

दिवाळी सरली की कासारीकाठच्या माळवाडीत गुऱ्हाळं पेटतात, आणि हंगामातल्या पहिल्या काहिलीतली एक छोटी ढेप कोल्हापूरला मुजावर मॅडमकडं जाते. मॅडमना मधुमेह आहे. गूळ त्यांना चालत नाही हे स्वप्नाली चौगुलेला चांगलं ठाऊक आहे, आणि तिला ते ठाऊक आहे हे मॅडमनाही ठाऊक आहे. तरी ढेप जाते. मॅडम ती दोन्ही हातांनी घेतात, एक खडा जिभेवर ठेवतात आणि म्हणतात, "माझ्या डॉक्टरला सांगू नकोस हं." नैवेद्य दाखवताना देव खातो का, असं कुणी विचारतं का? हेही तसंच आहे.

या ढेपेची गोष्ट सुरू होते ती स्वप्नालीच्या नवऱ्यापासून. रणजित चौगुले गुळव्या होता. गुऱ्हाळात आता बिनचालकाची ट्रॉली ऊस आणून टाकायची, चुलाणात चिपाड सारायलाही यंत्र आलं होतं, पण उकळता पाक काहिलीतून, त्या अवाढव्य कढईतून, नेमका कधी उतरवायचा हे मात्र अजून माणूसच ठरवायचा, आणि तो माणूस म्हणजे गुळव्या. रणजित पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी करायचा, तिच्याकडं बघायचाही नाही आणि म्हणायचा, "घ्या." लोक काहील उचलायचे. त्याच्या हातचा गूळ बाजारात ओळखू यायचा.

आणि रणजित प्यायचा. हंगामात शीण घालवायला, हंगाम संपला की हाताला काम नाही म्हणून. प्यायला खरं तर कारण लागत नाही, कारणं लोकांना सांगण्यापुरती असतात. एकुलत्या एका लेकीच्या, ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली आणि मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. शेवटी असं झालं की बाप जवळ आला की ती पोरगी आपलं डोकं बाजूला घ्यायची. बारावी झाली आणि ती सांगलीला मामाकडं शिकायला गेली, ती सणाला तेवढी यायची. तेव्हा कुठं रणजितला लागलं. स्वप्नालीनं ही संधी साधली आणि त्याला कोल्हापुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात, समुपदेशक शमीम मुजावर यांच्यापुढं नेऊन बसवलं.

मुजावर मॅडमनी दारूचं नावच काढलं नाही. संध्याकाळी काय जेवता? घरात झोपतं कोण कुठं? शेवटचं दोघं मिळून कधी हसलात? दात दुखतात का? दात दुखत होता. एक दाढ पार किडलेली होती आणि तिचा ठणका रणजित रोज क्वार्टरमध्ये बुडवत होता. मॅडमनी आधी ती दाढ काढायला लावली. स्वप्नालीला वाटलं, ही बाई समुपदेशक आहे की चौकस आत्याबाई? पुढं तिला कळलं की मॅडमच्या मते दारू सुटायची तर एकटी सुटत नाही. तिच्याबरोबर पोट, झोप, दाढ, घर आणि जुनी दुखणी सगळीच सोडवावी लागतात.

मग मॅडमनी यंत्र काढलं. त्याचे दोन भाग होते, एक मनगटावरची पट्टी आणि एक कानात अडकवायचा बारीक तुकडा.

तलफ मनात येते असं आपण समजतो. पण मनाला पत्ता लागायच्या बऱ्याच आधी ती अंगात आलेली असते. घामातली रसायनं बदलतात, आवाज किंचित ताणतो. निवांत माणसाच्या हृदयाचे ठोके थोडे मागंपुढं पडत असतात, ताणातल्या माणसाचे मात्र घड्याळासारखे एका मापाचे पडू लागतात. पट्टी हे सगळं वाचून तलफ चढायच्या आधीच तिची वर्दी द्यायची. पुढचं काम कानातल्या तुकड्याचं. मेंदूकडून काळजाकडं आणि पोटाकडं जाणारा एक लांबलचक मज्जातंतू आहे, अंगाला 'आता निवांत हो' असा निरोप पोचवणारा. त्याची एक फांदी कानाच्या वरच्या खळग्यात कातडीच्या अगदी जवळ येते. तिथं बारीक विजेची स्पंदनं दिली की उसळलेलं अंग खाली बसतं, आणि तलफ जन्माला येण्याआधीच विझते.

त्या तुकड्याचं कागदोपत्री नाव होतं कर्णस्पंदक. माळवाडीनं रणजितच्या कानात तो पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव भिकबाळी पडलं. "काय सरदार, भिकबाळी लई शोभतीया," असं म्हणत लोक हसायचे. रणजितही हसायचा. सुरुवातीला हसायचा.

भिकबाळीचा जोर कमीजास्त करायची सोय घरच्या एका माणसाच्या फोनवर असायची. त्याला सोबती म्हणत. रणजितची सोबती अर्थात स्वप्नाली. तलफेची वर्दी तिच्या फोनवर यायची, पण रणजित आहे कुठं ते फक्त केंद्राला कळायचं, तिला दिसायचं नाही. हा मॅडमचा नियम होता. सोबत असावी, पहारा होऊ नये.

"एक ध्यानात ठेव," मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "हे झाकण आहे. उकळी खाली बसेल, पण खालचा जाळ तसाच आहे."

स्वप्नालीनं मान डोलावली आणि ते वाक्य केंद्राच्या दारातच विसरून आली. कारण रणजितची दारू सुटली होती हो! त्या हंगामात तो एकदाही पिऊन आला नाही. वेळेवर यायचा, वाढलं ते खायचा, टीव्हीपुढं बसायचा, झोपायचा. भांडण नाही, आदळआपट नाही. स्वप्नालीनं अंबाबाईला साडी नेसवली. आणि रोज दिवेलागणीला, तो यायच्या सुमाराला, ती फोनवर भिकबाळीचा जोर दोन घरं वर सरकवून ठेवायची. मुभा होती तेवढाच, पण रोज. असू द्या, जास्त झालेलं बरं.

एके दिवशी ईश्वरीचा फोन आला. तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. स्वप्नाली ओरडलीच. तिनं फोन रणजितच्या हातात दिला. त्यानं ऐकून घेतलं, "बरं झालं," म्हणाला आणि फोन परत दिला. मग म्हणाला, "भाकरी हाय का अजून?"

स्वप्नालीनं भाकरी वाढली. पण ती वाढताना त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

त्यानंतर लवकरच काहील बिघडली. ती डबा घेऊन गुऱ्हाळावर गेली तर तिथं सगळे हातातलं काम टाकून पाक निववायच्या वाफ्याभोवती उभे होते. वाफ्यात ओतलेला गूळ धरलाच नव्हता, काकवीसारखा लिबलिबीत पसरला होता. मालक तात्या पाटील डोक्याला हात लावून बसले होते. असं पूर्वी एकदा झालं होतं तेव्हा रणजित दोन दिवस जेवला नव्हता, मळ्यात जाऊन एकटाच बसला होता. आज तो चुलाणाशेजारी हात धूत होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"गोळी कळली न्हाई," तो म्हणाला. एसटी चुकल्यावर माणूस सांगतो तसं. "आणलास डबा?"

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. स्वप्नालीला दारुड्या नवऱ्याची भीती माहीत होती. ही भीती नवीन होती. ती त्याच दुपारी कोल्हापूरला गेली.

"मॅडम, दारू गेली. पण दारूबरोबर माणूसबी गेला की हो."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "यंत्राला तलफ आणि जीव यांतला फरक कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "उसळलं की दाबायचं, एवढंच त्याला येतं. पण आपल्याला ते कमी करायचं तर आधी जाळ कुठून येतो ते बघावं लागेल." आणि त्यांनी ड्रॉवरमधून दुसरी पट्टी काढून स्वप्नालीच्या मनगटाला बांधली.

"मला कशाला? मी कुठं पिते?"

"तू पीत नाहीस. पण घर तर दोघांचं आहे ना?"

काही आठवड्यांनी मॅडमनी दोघांना समोर बसवलं. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक केशरी. निळी रणजितची, केशरी स्वप्नालीची. एका घरात वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसांची अंगं एकमेकांची चाल उचलतात, मॅडम सांगत होत्या. आई शांत झाली की तिच्या मांडीवरचं मूल शांत होतं, ते काही तिनं समजावून सांगितलं म्हणून नव्हे. मोठ्यांचंही तेच असतं. एकाच्या ठोक्यांमागं दुसऱ्याचे ठोके जातात, आणि दोघांनाही ते कळत नाही.

"आता हे बघा. रणजितराव हायवेवरच्या परमिट रूमवरनं येतात. निळी रेघ थोडी हलते, बसते. पुढं गावात शिरतात, काही नाही. आणि इथं, बघा, इथं ती आभाळाला टेकते, मगच यंत्र तिला दाबतं. ही जागा कुठली?"

रणजितनं पडद्याकडं पाहिलं. "आमचं दार."

"रोज?"

"रोजच दिसतंय की."

"आणि त्याच्याआधी केशरी रेघ बघ, स्वप्नाली. ती दिवेलागणीपासूनच चढायला लागते, फाटकाची कडी वाजली की टोकाला जाते. तिच्यामागं निळी. दारात काय होतं तुमच्या?"

"दारात काय व्हायचंय?" स्वप्नाली म्हणाली. "मी गूळपाणी देते. बाहेरनं आलेल्या माणसाला पाणी द्यायची रीत आहे आमच्यात."

मग रणजित खाली बघत म्हणाला, "वास घेती ती."

स्वप्नालीचा चेहरा खर्रकन उतरला.

"तांब्या देताना जवळ येती आन् तोंडाचा वास घेती. पहिल्यापास्नं म्हाईत हाय मला. मी कधी बोललो न्हाई. पण पिलेला नसलो तरीबी तो तांब्या हातात घेताना वाटतं, आपण चोरी केलीच असणार. मग वाटायचं, चोर तर ठरलोच, मग चोरीच का करू नये? पाणी पिऊन तसाच माघारी जायचो."

"म्हणजे दारू ह्यांनी ढोसायची आन् खापर माझ्या तांब्यावर?" स्वप्नाली ताडकन उठली. "इतकी वर्षं मी घर ओढलं, मॅडम! आन् आता मीच गुन्हेगार?"

"बस," मॅडम म्हणाल्या. "दारू त्यांनी प्यायली. ते पाप त्यांच्या पदरात, त्यातला कणभरही तुझ्याकडं येत नाही. रणजितराव, बरोबर?"

"बरोबर," रणजित म्हणाला.

"मला एवढंच विचारायचंय. हा तांब्या तुझ्या हातात दिला कुणी?"

आणि स्वप्नालीला रडू फुटलं. तांब्या तिच्या आईनं दिला होता. तिचे वडीलही पीत. संध्याकाळी आई गूळपाणी घेऊन दारात उभी राहायची, वास घ्यायची, आणि वास आला तर पाठीमागं हात करून बोटं हलवायची. ती खूण दिसली की सात वर्षांच्या स्वप्नालीनं भावाला घेऊन परसातल्या दारानं शेजारच्या काकींकडं पळायचं. लग्न ठरलं तेव्हा आईनं चपात्या लाटायला शिकवल्या नाहीत, त्या तिला येत होत्याच. आईनं शिकवलं, "पाणी देताना पुढं वाकायचं आणि श्वास ओढून घ्यायचा. कळतं." रणजितनं दारूला हातही लावला नव्हता तेव्हापासून ती दारात वाकत होती.

रणजितनं हे आज पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, बायको आपल्याला भिते. ती त्याच्याही आधीच्या, दुसऱ्याच कुणाच्या दारात भीत उभी होती.

पुढचे काही महिने मॅडमनी दोघांना वेगवेगळं आणि एकत्र बसवलं. स्वप्नाली डोळे मिटून त्या जुन्या दारात जायची आणि मॅडमचा आवाज धरून परत यायची. कधी रडायची, कधी आईवर चिडायची, मग आईची कीव यायची. श्वास लांब सोडायला शिकली. रणजित पहाटे तालमीत जायला लागला. गूळपाण्याची रीत तात्पुरती बंद. त्यानं आपलं पाणी आपण घ्यायचं. भिकबाळीचा जोर एकेक घर खाली आला. ईश्वरीनं बापाला फोनवर एकदा चिडवलंसुद्धा, आणि तो खोखो हसला. तो हसला म्हणून स्वप्नाली स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली.

राहिली शेवटची पायरी, भिकबाळी काढायची. त्याला सोबत्याची मंजुरी लागत होती.

"मी सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझा जीव कशाला तयार आहे ते तुलाच माहीत."

स्वप्नालीचा जीव तयार नव्हता. ती मॅडमना स्पष्ट म्हणाली, "मला थंड नवरा परवडतो, पण पुन्हा पिऊन आलेला नाही परवडत. पुन्हा तसं झालं तर ईश्वरी ह्या घरात कधी पाऊल ठेवायची नाही आन् मीबी उठणार नाही त्यातनं." मॅडमनी तिला घाई केली नाही. मार्ग काढला तो रणजितनं.

"भिकबाळी काढा," तो म्हणाला, "आन् माझ्या पट्टीवर हिची रेघ जोडा. हिला माझी तलफ कळती, मला हिची भीती कळू दे की."

तशी मागणी आजवर कुठल्याच पेशंटनं केली नव्हती. मॅडमनी जोडणी करून दिली. आता स्वप्नालीचं काळीज धडधडलं की रणजितच्या मनगटावरची पट्टी थरथरणार होती, आणि स्वप्नाली शांत झाली की थांबणार होती. स्वप्नालीनं अंगठा टेकवून मंजुरी दिली. तुकडा तिच्याच पर्समध्ये राहिला. वाटलं तर तो पुन्हा लावून घ्यायला रणजित बांधील होता, तिनं फक्त फोनवरचं बटण दाबायचं, की त्याला बोलावणं जायचं.

नव्या हंगामाची पहिली काहील होती तो दिवस. दिवे लागले आणि रणजित आला नाही. मग फोन वाजला. तलफ चढते आहे. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. अजून चढते आहे. खाली बटण लाल होऊन उभं होतं. दाबलं की झालं. तो निमूट येईल, कान पुढं करील, आणि उद्यापासून पुन्हा तो विझलेला माणूस ताटावर येऊन बसेल. नाही दाबलं तर?

तिचे पाय आपोआप दाराकडं वळले होते. हातात तांब्याही होता, कधी घेतला कुणास ठाऊक. तिनं तो खाली ठेवला. फोन पिठाच्या डब्यात घातला आणि झाकण लावलं. मग ती परसदारी गेली. लहानपणी ज्या बाजूला पळायची, त्याच बाजूला. पण आज पळाली नाही, पायरीवर बसली आणि लसूण सोलायला घेतला. भीती होतीच. ती भीतीलाच म्हणाली, बस माझ्याशेजारी. श्वास लांब सोडला. पुन्हा सोडला. जे व्हायचंय ते होवो, मी आता सात वर्षांची नाही, हे तिनं मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या म्हशीनं तिच्याकडं बघितलं. स्वप्नालीला हसू आलं आणि त्या हसण्यानं छाती सैल झाली.

फाटकाची कडी वाजली. ती उठली नाही.

रणजित आत आला, पाय धुतले, स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मग तो परसात आला. एका हातात तोच तांब्या, दुसऱ्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. तो तिच्याशेजारी पायरीवर टेकला.

"परमिट रूमच्या दारात गाडी लावली हुती," तो म्हणाला. "पहिली काहील, मंडळी चला म्हटली. पाय उचलला आन् मनगट थरथरायला लागलं. म्हटलं, भ्याली ही. तिथंच हुबा राह्यलो. बटण दाबशील म्हणून वाट बघत हुतो, खोटं कशाला बोलू. आन् मग थरथर थांबली. तू दाबलं न्हाईस, आपली आपण निवांत झालीस. म्हटलं, ती तिकडं एकटी एवढं करती, मग आपल्याला गाडी फिरवायला काय धाड भरलीय?"

त्यानं पान उघडलं. आत अजून कोमट असलेला गूळ होता, सोन्यासारखा, नीट धरलेला.

"गोळी बोटाला कळली," एवढं म्हणून तो रडायला लागला. लहान मुलासारखा, नाक ओढत. रडता रडताच त्यानं गुळाचा खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तांब्या पुढं केला. "घे. दिसभर घरात राबतीस, तुला कुणी कधी पाणी दिलं?"

तिनं गूळ खाल्ला, पाणी प्यायली. मग दोघांनी पिठाच्या डब्यातून फोन काढला, फुंकून साफ केला आणि ईश्वरीला लावला.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली छोटी ढेप घेऊन मॅडमकडं गेली. सगळं सांगून झाल्यावर वाकून पाया पडली. मॅडमनी तिला अर्ध्यातच धरलं. "माझ्या कशाला पडतेस? त्यांचा जीव गुळात परत आला, तुला पायरीवर बसता आलं. मी नुसती विचारत बसले होते."

"तुम्ही विचारलंत म्हणून तर," स्वप्नाली म्हणाली. "आमच्या दारात काय होतं, हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुसला आणि कामाकडं वळल्या. "बरं, नोंदीसाठी एक विचारते. काल ते जवळ बसले तेव्हा तोंडाला वास होता?"

स्वप्नालीनं सांगायला तोंड उघडलं आणि ती थबकली. तिनं पुन्हा आठवून पाहिलं. पायरी आठवली, कोमट गूळ आठवला, त्याचं ओलं नाक आठवलं.

"मॅडम," ती नवलानं म्हणाली, "घ्यायचाच राहिला."

मुजावर मॅडमनी नोंदवही मिटली. मग त्यांनी दोन्ही हातांनी ढेप उचलली, तिचा एक खडा मोडला आणि जिभेवर ठेवला.